आषाढात बसणारा आवाज, वैशाखात पडणारी चीर: घरी केलेल्या चिपळ्या, टिपऱ्या आणि लाकडी ढोल

"काय रं, तुझ्या चिपळ्यांना सर्दी झालीया व्हय?"

भजन संपल्यावर बुवांनी सगळ्यांदेखत विचारलं. आषाढी चार दिवसांवर आली होती, बाहेर रिपरिप चालू होती आणि चैत्रात मी हौसेनं करून दिलेला शिसवीचा जोड त्यांच्या हातात भिजल्या पुठ्ठ्यासारखा वाजत होता. मान खाली घालून तो घरी आणला. चूक लाकडाची आहे, खैर घ्यायला हवा होता, असं मी ठरवूनच टाकलं. पुढच्या वर्षी खैराचा जोड केला. तोही आषाढात बसला, आणि त्यानंतरच्या वैशाखात त्याला खाचेपासून टोकापर्यंत चीर गेली.

मी दिवसभर कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर असतो. संध्याकाळी सांगलीतल्या घरामागच्या पडवीत चिपळ्या, शाळेच्या पोरांसाठी टिपऱ्या आणि अलीकडे वरच्या फळीत जिभा, म्हणजे ठोकल्यावर सूर देणाऱ्या एका टोकाला जोडलेल्या पट्ट्या, कापलेला लाकडी ढोल, असलं साधंसुधं काहीतरी करतो. आमच्यासारख्या घरगुती कारागिरांकडून तीनच तक्रारी फिरून फिरून ऐकू येतात. पावसाळ्यात आवाज बद्द होतो. उन्हाळ्यात लाकूड तडकतं. आणि मधेच कधीतरी न सांगता भणभण सुरू होते. तिघींवर तीन वेगळी औषधं सांगितली जातात. मला मात्र निम्म्याहून अधिक वेळा तिघींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडली आहे, आणि ती शोधायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो.

आधी वजन करा

बुवांच्या शिसवी जोडातल्या एका चिपळीचं वजन, चकत्या काढून, चैत्रात १३० ग्रॅम होतं. हे मला माहीत होतं ते केवळ योगायोगानं. पोस्टानं पाठवायचा दुसरा एक जोड तोलताना हाही तोलला होता. आषाढात तीच चिपळी १३९ ग्रॅम भरली. वरचे ९ ग्रॅम म्हणजे हवेतून प्यायलेलं पाणी. चिपळी भिजलेली नव्हती, पावसात नेलेली नव्हती, देवघराशेजारच्या कपाटात होती. तरी तिनं सात टक्के वजन कमावलं.

लाकूड तोडून, कापून, पॉलिश करून कितीही वर्षं झाली तरी ते हवेशी पाण्याची देवाणघेवाण थांबवत नाही. माझ्या पडवीतला आर्द्रतामापक एप्रिलच्या दुपारी २८ दाखवतो आणि जुलैच्या सकाळी ८५ च्या पुढे जातो. त्या मागोमाग लाकडातलं पाणी साधारण ८ टक्क्यांपासून १६ टक्क्यांपर्यंत वर-खाली होत राहतं. पाणी वाढलं की लाकूड जड होतं, थोडं मऊ पडतं आणि मुख्य म्हणजे कंप आतल्या आत जिरवू लागतं. कानाला जो बद्दपणा जाणवतो तो या जिरण्याचा.

हे सांगलीकराला नव्यानं शिकायची गरजच नाही. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा राहिलेला कुणीही हळकुंड मोडून बघतो. नीट वाळलेलं हळकुंड टण्णकन मोडतं, ओलसर असलं की नुसतं वाकतं आणि गप्प राहतं. लाकडाचंही तसंच. फरक इतकाच की हळकुंड आपण मोडून बघतो, आणि लाकडाच्या बाबतीत मात्र अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतो.

तर पहिला नियम: वाद्य तयार झालं की तोला, आणि वजन आणि तारीख पेन्सिलीनं कुठंतरी आतल्या बाजूला लिहा. आवाज बसला की पुन्हा तोला. वजन पाच-सात टक्क्यांनी वाढलं असेल तर लाकूड बदलू नका, चकत्या बदलू नका, काहीही कापू नका. वाद्याला काही झालेलं नाही, ते फक्त ओलं आहे. वजन तेवढंच असेल आणि तरी आवाज बसला असेल, तर मात्र पुढं वाचा.

ओलं वाद्य सुकवायचं कसं? उन्हात नाही, तव्याजवळ नाही, हेअर ड्रायरनं तर नाहीच. वरचा थर आधी आकसतो, आतलं पोट फुगलेलंच राहतं आणि चीर पडते. खैराच्या त्या जोडाला मी असंच मारलं. तडा वैशाखात दिसला, पण त्याचं बी मी आदल्या आषाढात घराच्या पत्र्यावर, दोन दिवसांच्या उघडीपीत पेरलं होतं. आता मी एका जुन्या लाकडी कपाटात तळाशी ४० वॉटचा पिवळा बल्ब लावतो, वरच्या फळीवर वाद्यं ठेवतो आणि दार बोटभर उघडं ठेवतो. आठवडाभरात वजन हळूहळू उतरतं. घाई असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. बुवांना मी तसलाच एक डबा करून दिला आहे. त्यात ते चिपळ्यांसोबत तंबाखूची चंचीही ठेवतात. त्याला माझा इलाज नाही.

वखारीतून आणलेलं लाकूड खरंच वाळलेलं आहे का

वरचा उपाय जमतो तो मुळात वाळलेल्या लाकडापासून केलेल्या वाद्याला. कच्च्या लाकडाचं वाद्य पहिल्याच उन्हाळ्यात पीळ खातं, आणि त्याला कपाटही वाचवत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावात किती चौकटी, दारं, फर्निचर पाण्यात राहिलं ते सांगायला नको. वर्ष-दीड वर्षानं जुन्या वाड्यातली सागाची एक चौकट मला स्वस्तात मिळाली. तीन इंच जाड, वरून खडखडीत वाळलेली. मी खुशीत ती उभी चिरून ढोलासाठी फळ्या काढल्या. दोन दिवसांत सगळ्या फळ्या पन्हळीसारख्या वाकल्या. बाहेरचा इंचभर थर वाळला होता, गाभा ओलाच होता. चिरल्यावर ओली बाजू उघडी पडली आणि तीच आकसली. शिवाय रेषांत बसलेल्या गाळानं रंध्याचं पातं दर दहा मिनिटांनी बोथट होत होतं. जुनं ते वाळलेलं, हा माझा समज तिथं संपला.

ताज्या लाकडाला सावलीत, हवेशीर, दर इंच जाडीला एक वर्ष असा ढोबळ हिशोब जुने सुतार सांगतात. तो धरून चालायला हरकत नाही, पण खात्री करायची तर अशी: फळीच्या टोकापासून किमान वीतभर आत जाऊन बोटभर रुंदीची आडवी चकती कापा. अगदी टोकाचा तुकडा घेऊ नका, टोकं नेहमी जास्त वाळलेली असतात. तुकडा तोला. मग घरातल्यांची परवानगी काढून तो ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि दर तासाला तोला. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की पाणी संपलं. माझ्या त्या चौकटीचा तुकडा ६२ ग्रॅमचा ५२ ग्रॅम झाला. उडालेलं पाणी १० ग्रॅम, भागिले सुकं वजन ५२, म्हणजे १९ टक्के. सांगलीच्या हवेत वाद्य करायला मला १० ते १२ टक्के हवे असतात. ८ आणि १६ यांच्या साधारण मध्यावर, म्हणजे दोन्हीकडे सारखंच सरकावं लागेल असं. म्हणूनच मी सांधे आणि खाचा दिवाळीनंतर कापतो, जानेवारीपर्यंत. मे महिन्यात घट्ट बसवलेला सांधा जुलैत फुगतो, जुलैत बसवलेला मे महिन्यात खुळखुळतो.

वाळत ठेवलेल्या फळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट फासा. टोकाच्या उघड्या नळ्यांतून पाणी बाकी अंगापेक्षा कित्येक पटींनी लवकर पळतं, म्हणूनच चिरा नेहमी टोकापासून सुरू होतात. मिरजेत सतारमेकर गल्लीतून कधी गेलात तर वर टांगलेले भोपळे आणि कोपऱ्यात उभी करून ठेवलेली लाकडं बघा. तिथं वाळवणीची घाई कुणालाच नसते.

चीर का पडते, नेमकी कुठं पडते

लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदीत आकसतं, आणि त्यातही ओंडक्यातल्या वर्तुळांच्या दिशेनं, केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. फळीचं टोक बघा. वर्तुळांच्या रेषा हसऱ्या तोंडासारख्या आडव्या पसरल्या असतील तर ती फळी रुंदीत जास्त हलणार. रेषा उभ्या कुंपणासारख्या दिसत असतील तर हालचाल निम्म्यावर येते. आडव्या रेषांच्या सागाची ६० मिलिमीटर रुंद पट्टी १६ टक्क्यांवरून ८ वर आली की सुमारे १ मिलिमीटरनं अरुंद होते.

एक मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण त्या पट्टीला आडवी पितळी पट्टी दोन स्क्रूंनी आवळली असेल, तर पितळ हलत नाही आणि लाकडाला हलायचंच असतं. मग ते स्क्रूपाशी फाटतं. अंगठ्याची कडी बसवलेल्या चिपळ्यांची चीर म्हणूनच बहुतेक वेळा कडीच्या खिळ्यापासून निघते. उपाय सोपा आहे: दोनातलं एक भोक लाकडाच्या तंतूंच्या आडव्या दिशेत थोडं लांबट करा, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते.

दुसरी ठरलेली चीर चकत्यांच्या खाचेपाशी पडते. तिथं लाकडाच्या भिंती पातळ असतात आणि आपण त्यात थेट खिळा ठोकतो. २ मिलिमीटरच्या खिळ्याला आधी पावणेदोनच्या ड्रिलनं भोक पाडा. खाचेचे आतले कोपरे पटाशीनं काटकोनात कोरू नका. आधी दोन्ही टोकांना गोल भोक पाडा आणि मग मधलं लाकूड काढा. तीक्ष्ण कोपरा म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण. ढोलाच्या जिभांनाही हेच: जिथं फट थांबवायची तिथं ५-६ मिलिमीटरचं भोक.

पडलेली चीर बुजवायची असेल तर ती उन्हाळ्यात बुजवू नका. तेव्हा ती सर्वांत रुंद उघडलेली असते; आत घट्ट पाचर मारली तर पावसाळ्यात फुगणारं लाकूड त्या पाचरीवर रेटतं आणि शेजारी नवी चीर काढतं. दसरा-दिवाळीपर्यंत थांबा. केसाएवढी असेल तर फेविक्विक आत झिरपू द्या, जाड असेल तर त्याच लाकडाची पातळ चिपटी फेविकॉलनं बसवून रात्रभर शिकंज्यात ठेवा. खाचेपासून टोकापर्यंत आरपार गेलेली चीर मात्र जोडून फारसा उपयोग नसतो. दिसायला जोडलेली दिसते, पण आवाज फुटकाच राहतो.

भणभण

या भागात माझा सर्वांत जास्त वेळ गेला आहे, आणि खरं सांगायचं तर सर्वांत जास्त मजाही इथंच आहे. शेजारच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तार घोडीवर नेमकी कशी झणकारेल हे ठरवण्यासाठी तासन्‌तास कानसतो. झणकार आणणं हे त्याचं कसब. आपल्याला तोच झणकार नको तिथून हुसकून लावायचा असतो.

गेल्या जुलैत माझा आठ जिभांचा ढोल अचानक चरचरू लागला. मार्चमध्ये स्वच्छ वाजत होता. आधी सगळे स्क्रू आवळले. मग तळ उघडून आतले सांधे पुन्हा चिकटवले. मग चिडून एक जीभ कानसली, आणि तिचा सूर बिघडवून ठेवला. शेवटी पोराच्या हातात टॉर्च देऊन आतून उजेड पाडला, तेव्हा दिसलं की दोन जिभांमधल्या फटीतून उजेडच येत नाहीये. फटी मी बारीक करवतीनं कापल्या होत्या, जेमतेम १.२ मिलिमीटर. जिभा ५० मिलिमीटर रुंद, आडव्या रेषांच्या सागाच्या. पावसाळ्यात प्रत्येक जीभ पाऊण मिलिमीटरपेक्षा थोडी अधिकच फुगली, चौकटीनं बाजूला जायला जागा दिली नाही, आणि फट उरली अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. त्यात लाकडाचे फुललेले तंतू आणि अडकलेला भुसा. जिभा एकमेकींना घासत होत्या.

म्हणजे बुवांच्या चिपळ्यांचा तोच आजार, दुसऱ्या रूपात.

आता मी फटी अडीच मिलिमीटरच्या ठेवतो आणि जिभांसाठी उभ्या रेषांची फळी निवडतो. जिभेची लांबी कायम तंतूंच्या दिशेत. आडवी कापलेली जीभ मुळाशी मोडते. ढोल आधीच झाला असेल तर फटीत दुमडलेला पॉलिश पेपर घालून दोन्ही कडा हलक्या हातानं घासा. त्यानं सूर फारसा हलत नाही. हललाच तर टोकाकडून थोडं लाकूड काढलं की सूर चढतो, मुळाशी खालून पातळ केलं की उतरतो. जपून, कारण जिभेची लांबी फक्त दहा टक्क्यांनी कमी केली तरी कंपनसंख्या तेवीस टक्क्यांनी वाढते, म्हणजे साडेतीन अर्धस्वर सहज.

भणभणीचा माग काढायची माझी पद्धत अशी. एका हातानं एकसारखं वाजवत राहा आणि दुसऱ्या हाताचं एक बोट एकेका जागी दाबत जा: सांधा, स्क्रूचं डोकं, तळाची फळी, कडेची पट्टी. ज्या जागी दाबल्यावर भणभण थांबते, तिथं चोर. सांध्याचा संशय असेल तर पत्त्याचा कोपरा घालून बघा. शिरला तर तिथं गोंद सुटला आहे. बोट ठेवूनही काही कळेना तर वाद्य उचलून उलटं करा आणि हलवा. दोनदा माझा चोर आत पडलेला स्क्रू निघाला आहे, आणि एकदा मुलीच्या कानातलं.

चिपळ्यांच्या चकत्यांचं गणित उलटं आहे. तिथं सैलपणाच हवा. भोक खिळ्यापेक्षा साधारण १ मिलिमीटर मोठं, खिळा गुळगुळीत. काहीजण आट्यांचा स्क्रू वापरतात, त्यावर चकती अडकते आणि छुमछुम ऐवजी खरखर येते. चकत्या हिरव्या पडल्या असतील तर काढून चिंचेनं घासा, धुवा, पूर्ण कोरड्या करूनच परत घाला.

वजन बरोबर, चीर नाही, भणभण नाही, तरी बद्द

मग बहुधा पकडण्याची जागा चुकते आहे.

मोकळी पट्टी मध्यावर ठोकली की तिची टोकं आणि मध्य जोरात हलतात, आणि त्यांच्यामधल्या दोन जागा जवळजवळ निश्चल राहतात. शास्त्राच्या पुस्तकात त्यांना निस्पंद म्हणतात. सारख्या जाडीच्या पट्टीत त्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर असतात. ३०० मिलिमीटरच्या पट्टीत ६७ मिलिमीटरवर. भोक पाडायचं, दोरी ओवायची, रबर लावायचं ते इथंच. दुसरीकडे कुठंही आधार दिला की तो आधार आवाज खातो. आकडा नको असेल तर पट्टी दोन स्पंजांवर ठेवा, वर चिमूटभर रवा भुरभुरवा आणि मधे हळूच ठोकत राहा. रवा नाचत नाचत दोन ओळींत जमा होतो. शाळेतली पोरं हे बघायला हातातला डबा सोडून येतात.

टिपऱ्यांना हेच लागू. साडेतीनशे मिलिमीटरची टिपरी टोकापासून सुमारे ७८ मिलिमीटरवर, सैल मुठीत धरा. पोरं घाबरून ती मधोमध आवळतात आणि मग टिपऱ्या वाजत नाहीत म्हणून माझ्याकडे परत येतात. मी तिथं एक रंगीत पट्टा ओढून देतो, "इथं धर" एवढंच सांगतो. तक्रार संपते.

वखारीत लाकूड निवडतानाही हीच युक्ती. तुकडा टोकापासून लांबीच्या साधारण पाव अंतरावर दोन बोटांत लोंबता धरा आणि मध्यावर बोटाच्या पेरानं टकटक करा. गाठ किंवा आतली चीर असेल तर लगेच कळतं. वखारवाले काका पहिल्यांदा माझ्याकडे खुळ्यासारखं बघत होते. आता तेच टकटक करून चांगले तुकडे बाजूला काढून ठेवतात.

पॉलिश

घरगुती कारागिरांचा लाडका उपाय म्हणजे जवसाचं तेल. दिसायला सुरेख, हाताला छान, पण हवेतली वाफ ते जवळजवळ अडवत नाही. तेल पाजून आषाढाशी लढायला निघालात तर हराल. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या पॉलिशचे दोन-तीन पातळ हात वाफ बरीच चांगली अडवतात. पाणी किंवा घाम लागला की लाखेवर पांढरे डाग उठतात, म्हणून वरून मेण. पॉलियुरेथेनचा जाड लेप मी वापरत नाही. तो आवाजावर गोधडी टाकतो. हात कुठलाही द्या, तो खाचेच्या आत, भोकांत आणि ढोलाच्या पोटातही द्या. एकच बाजू बंद केली तर दुसरी बाजू पाणी पीत राहते आणि फळी वाकते.

आणि तेल वापरणारच असाल तर तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या घडीत ती साठते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बोळे उलगडून बाहेर दोरीवर एकेक वाळत घाला, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

एका तक्रारीवर मात्र माझ्याकडे दुरुस्ती नाही. वाद्याखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला आणि लाकडावर टाचणीएवढी गोल भोकं असली, तर आत किडा आहे, बहुधा कडेच्या पांढऱ्या लाकडात. तसला तुकडा मी बाकीच्या साठ्यापासून लगेच लांब नेतो आणि चुलीत घालतो. गेल्या वर्षी त्यात बाभळीच्या सहा टिपऱ्या गेल्या, शाळेच्या गॅदरिंगला आठ दिवस उरले असताना.